निवडुंगाचं बी पेरणाऱ्यांची गोष्ट



निवडुंगाचं बी पेरायचं म्हटलं की आपल्याकडे बायका हसतात. निवडुंग कुणी पेरतं का? तो बांधावर आपला आपण येतो. फांदी तोडून उकिरड्यावर टाकली तरी तिथं मूळ धरतो. उपटून टाकायचे कष्ट, त्यात लावायचे कुठून आले? तुमचं हसणं खरं आहे. पण जगात निवडुंगाच्या अशाही जाती आहेत, ज्या उपटून उपटून संपायला आल्या, आणि ज्यांचा जीव कुणीतरी धीर धरून बी पेरलं म्हणून टिकला. आज त्या पेरणाऱ्यांबद्दल बोलू.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपण ज्याला निवडुंग म्हणतो त्यात दोन वेगळी घराणी आहेत. त्रिधारी निवडुंग, थोर, शेर यांची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. ही सगळी एरंडाच्या कुळातली. फड्या निवडुंग मोडला तर चीक येत नाही, नुसता बुळबुळीत रस येतो. तो खरा कॅक्टस. एखादा अपवाद सोडला तर कॅक्टसचं सगळं कूळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिको, चिली, ब्राझील ही त्याची माहेरं. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे. तुकोबांची पालखी तिथं मुक्कामाला असते, वारीला गेलेल्या बायकांना ते देऊळ माहीत असेल. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून ते नाव, अशी आख्यायिका आहे. निवडुंग आपल्या देवाच्या नावात जाऊन बसला, इतका तो अंगवळणी पडला. तरी फड्या निवडुंग मात्र समुद्रापलीकडचा पाहुणा.

तो आला कसा, तर रंगासाठी. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर एक पांढुरकी कीड वाढवतात. ती वाळवून चुरली की गडद किरमिजी रंग मिळतो. कोचिनील म्हणतात त्याला. स्पेनवाले या रंगावर गबर झाले होते, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं की आपणही हिंदुस्थानात हा धंदा करावा. इथं निवडुंग आणून लावले. १७९५ मध्ये नीलसन नावाच्या कप्तानाने ब्राझीलच्या रिओहून कलकत्त्याला कीडही आणली. पण ती निघाली रानटी जातीची. रंग बेताचा, भूक मात्र दांडगी. तिनं लावलेले निवडुंग खाऊन टाकले आणि धंदा बसला. तिला न मानवणारी फड्या निवडुंगाची दुसरी जात मग रानोमाळ पसरली. ती आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळी कीड दक्षिण भारतात आणावी लागली. तणावर कीड सोडून तण मारायचं, या उपायाच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत आपल्याकडची ही हकिकत सांगतात.

ही झाली न मरणाऱ्या निवडुंगाची गोष्ट. फड्याचं एक पान जमिनीला टेकलं की झाड होतं, म्हणून तो मरत नाही. पण कॅक्टसच्या पुष्कळ जातींना पानं नाहीत, फांद्या नाहीत. नुसता एक गोळा, त्याला शिरा, शिरांवर काटे. असा गोळा जन्मभर एकटा वाढतो, बाजूला पिल्लं देत नाही. त्याचा वंश चालतो तो फक्त बियांनी. तो गोळा खणून नेला की झाडही गेलं आणि पुढची पिढीही गेली.

आणि लोकांनी खणून नेले ते हेच गोळे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना कॅक्टसचं वेड लागलं. थंडीच्या देशात काचेची घरं बांधायची, आत शेगडीची ऊब ठेवायची आणि वाळवंटातली झाडं मांडायची, ही तेव्हाची प्रतिष्ठा. मेक्सिकोच्या डोंगरांत माणसं पाठवली जात, झाडं खणून पेट्यांत भरून जहाजावर चढवली जात. कित्येक पेट्या बंदरात उघडल्या की आत कुजका लगदा निघे. जी झाडं जगत त्यांना वाटेल तो भाव. कार्विन्स्की नावाच्या शोधकाने १८४० च्या दशकात मेक्सिकोतून एक बुटका, जमिनीसरसा वाढणारा कॅक्टस आणला. त्यातलं एक रोप कोचुबेई नावाच्या रशियन सरदाराने १००० फ्रँकला घेतलं. तेवढ्या वजनाचं सोनं स्वस्त पडलं असतं, असं म्हणतात. आजही त्या जातीला त्या सरदाराचं नाव आहे. खणणाऱ्याचं नाव कुठं नाही.

याच काळात जर्मनीत एर्फुर्ट नावाच्या गावात वेगळं काम चाललं होतं. एर्फुर्ट हे माळ्यांचं गाव. फुलांच्या आणि भाज्यांच्या बियाण्यांसाठी त्याचा लौकिक होता. तिथं फ्रीडरिश आडोल्फ हागे या तरुणाने १८२२ मध्ये रोपवाटिका काढली. कॅक्टसचा त्याला फार नाद. हागे घराण्याची ती रोपवाटिका आजही चालू आहे, दोनशे वर्षं होऊन गेली. बियाण्याच्या गावातल्या माळ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही, की खणून आणलेलं झाड एकदाच विकता येतं आणि बियांवर रोपवाटिका पिढ्यान्‌पिढ्या चालते. कॅक्टस बियांपासून करण्याची विद्या अशा माळ्यांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी हळूहळू बसवली. विद्या म्हणायचं कारण असं, की मिरचीचं रोप महिन्या-दीड महिन्यात लावणीला येतं, आणि कॅक्टसचं रोप वर्षभर सांभाळावं तेव्हा कुठं हरभऱ्याएवढं होतं.

आता एका जातीचीच हकिकत सांगते. शहरातल्या नर्सरीत किंवा एखाद्या हॉटेलच्या दारात मोठा गोल, पिवळ्याधमक काट्यांचा कॅक्टस तुम्ही पाहिला असेल. डोक्यावर पिवळट लोकर असते. इंग्रजीत त्याला सोनेरी पिंप म्हणतात. जर्मन आणि स्पॅनिश लोकांनी ठेवलेलं नाव आपल्याला जास्त कळेल. ते म्हणतात, सासूची बैठक! तिकडे ही थट्टा सुना करत नाहीत, जावई करतात, एवढाच फरक.

याचं शास्त्रीय नाव पडलं ग्रुसोन या जर्मन कारखानदारावरून. माग्देबुर्ग शहरात त्याचा लोखंडाचा मोठा कारखाना होता आणि कॅक्टसचा संग्रहही तेवढाच मोठा. १८९५ मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षी त्याची काचघरं शहरातल्या लोकांसाठी उघडली. ती आजही आहेत. झाडाचं माहेर मात्र मध्य मेक्सिकोत, केरेतारो आणि हिदाल्गो या राज्यांच्या हद्दीवरचे दरीतले कडे. जगात एवढ्याच जागी ते आहे, असं फार काळ समजत होते. पुढे साकातेकास राज्यातही त्याची एक वस्ती सापडली.

त्या कड्यांवरून झाडं नेली जातच होती. मग १९९० च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर सिमापानचं मोठं धरण झालं, वीज करण्यासाठी. दरीत पाणी चढलं आणि झाडांच्या वस्तीचा मोठा भाग बुडाला. उजनीच्या नाहीतर कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. माणसं निदान सामान बांधून वर येतात. शंभर किलोचा काटेरी गोळा कड्यावरून कसा येणार? आज रानातली ही जात संकटग्रस्त यादीत आहे.

आणि त्याच वेळी हे झाड जगभर लाखांनी आहे. भारतात आहे, चीनमध्ये आहे, स्पेनच्या बेटांवर तर शेतच्या शेतं आहेत. सगळी बियांपासून केलेली. एका मोठ्या झाडाच्या लोकरीत दडलेली फळं काढली की पुष्कळ बिया मिळतात. काळ्या, मोहरीहूनही लहान. माहेरची दरी बुडाली तरी झाड जगातून गेलं नाही, ते या बियांमुळे. रानातली वस्ती वाचली असं मात्र मी म्हणणार नाही. कुंडीतल्या झाडावर दरीतली माशी बसत नाही. त्याचं बी दगडाच्या फटीत पडून आपोआप रुजत नाही. ते नुकसान झालंच. पण ज्याला घरी एक गोळा हवा आहे त्याने आता कड्यावरचं झाड खणण्याचं कारण उरलं नाही, हेही खरं.

मेक्सिकोत ही झाडं ओळखायला, मोजायला आणि जपायला शिकवलं ते एका बाईने. एलिया ब्रावो ओयिस तिचं नाव. जन्म १९०१ चा. ती लहान असताना, १९१३ मध्ये, देशातल्या राजकीय उलथापालथीत तिच्या वडिलांना ठार मारलं. तरी मुलगी शिकली. १९२७ मध्ये जीवशास्त्रज्ञ ही पदवी मिळवणारी ती मेक्सिकोतली पहिली स्त्री. गुरूंनी तिला कॅक्टसवर काम दिलं आणि ते जन्माचं काम झालं. गाडीरस्ता नसलेल्या मुलखात हिंडून तिनं झाडं पाहिली, नोंदली, आणि १९३७ मध्ये मेक्सिकोच्या कॅक्टसवर ग्रंथ लिहिला. १९५१ मध्ये इतरांबरोबर कॅक्टस अभ्यासकांची आणि हौशी लोकांची संस्था काढली. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाची वनस्पती बाग उभी करण्यात तिचा हात होता, आणि पुढे ती तिची संचालकही झाली. वय झालं, सांधे धरले, तरी काम चालूच. २००१ मध्ये वयाची शंभरी भरायला चार दिवस कमी असताना ती गेली. माहेरच्या परसातलं झाड दुसरा नेतो, त्याला आपलं नाव देतो, आणि परसातल्या बाईला काही कळत नाही, असंच फार वर्षं चाललं होतं. तिच्यामुळे त्या झाडांची नोंद त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत झाली.

झाडं संपायला परकेच कारण होते असंही नाही. आपण कोहळ्याचा पेठा करतो ना, तसा मेक्सिकोत बिस्नागा नावाच्या जाड कॅक्टसचा करत. साल-काटे तासून गर साखरेच्या पाकात मुरवायचा. सणाच्या गोड पावावर, भरल्या मिरच्यांच्या सारणात तो हवाच असे. पण कोहळा वेलाला दरसाल लागतो, आणि बिस्नागा मोठा व्हायला कित्येक दशकं लागतात. पाकात टाकायला अख्खं झाडच तोडावं लागे. आता तिथं कायद्याने बिस्नागा तोडून ही मिठाई करणं बंद आहे. सुगरणी फळांच्या घट्ट मुरंब्याच्या वड्या वापरतात. आजीच्या हातची चव गेली म्हणून हळहळणाऱ्या बाया तिथंही असतील, आणि मला त्यांचं वाईट वाटतं. पण झाड राहिलं पाहिजे, या बाजूला मी आहे.

१९७३ मध्ये वॉशिंग्टनला एक आंतरराष्ट्रीय करार झाला, सायटीस म्हणतात तो. १९७५ मध्ये तो लागू झाला, आणि पुढच्या वर्षी भारतही त्यात आला. हस्तिदंत, वाघाचं कातडं यांच्या व्यापारावर ज्या करारानं बंधन घातलं, त्याच करारात जवळजवळ सगळं कॅक्टस कूळ आहे. परवान्याशिवाय कॅक्टस देशाबाहेर नेता येत नाही. बियांना बहुतेक ठिकाणी सूट आहे, पण मेक्सिकोतून निघणाऱ्या कॅक्टसच्या बियांना ती नाही. ते बरोबरच आहे, कारण रानातलं सगळंच बी झाडून नेलं तर दरीत काय उगवणार?

कायदा झाला म्हणून चोरी थांबली नाही. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी एका घरातून हजाराहून जास्त कॅक्टस पकडले. चिलीच्या अटाकामा वाळवंटातले, समुद्राच्या धुक्यातून मिळेल तेवढ्या ओलाव्यावर जगणारे. त्यांतली काही झाडं शंभर वर्षांपलीकडची होती. पुढच्या वर्षी आठशेहून जास्त झाडं विमानाने चिलीला परत पाठवली. २०१५ मध्ये जगातल्या कॅक्टसची पाहणी झाली तेव्हा १०० पैकी ३१ जाती धोक्यात निघाल्या. घ्यायला गेलात तर नजर कशी ठेवायची ते सांगते. रानातून आणलेलं झाड वेडंवाकडं, बुडाला लाकडासारखं, अंगावर जुने व्रण असलेलं असतं आणि मुळं तोडलेली असतात. बियांपासूनचं झाड स्वच्छ, एकसारखं, दाट मुळांचं असतं.

बी पेरण्याची एक गंमत अजून सांगायची राहिली. पानापासून, फांदीपासून लावलेलं झाड आईची हुबेहूब नक्कल असतं. बियांमधून मात्र भावंडं येतात, कुणी गोरं, कुणी काळं. बाजारात हिरव्या दांड्यावर लालभडक गोळा बसवलेला कॅक्टस मिळतो, जत्रेतसुद्धा पाहिला असेल. तो जपानमधल्या वातानाबे नावाच्या माळ्याला १९४१ मध्ये सापडला. हजारो बिया पेरल्या होत्या, त्यांतली दोनच रोपं लाल निघाली. हिरवेपणा नाही म्हणजे झाडाला स्वतःचं अन्न करता येत नाही, ती रोपं चार दिवसांत मेली असती. त्यानं ती हिरव्या कॅक्टसवर कलम केली. आज जगभर विकले जाणारे ते लाल गोळे तसेच कलमाने वाढवतात, कोरियातून तर त्यांची मोठी निर्यात होते. म्हणजे तो लाल गोळा जन्मभर दुसऱ्याच्या मुळांवर जेवतो. खालचा हिरवा दांडा कुजला की वरचा गोळाही गेला. विकत घेताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आता ज्यांना पेरून पाहायचं आहे त्यांच्यासाठी. परदेशातून टपालाने बी मागवायला परवाने लागतात, त्या फंदात पडू नका. ओळखीच्या नर्सरीत किंवा कुणाच्या गच्चीवर फळ धरलेला कॅक्टस असेल तर एक पिकलं फळ मागा. बी धुऊन सावलीत सुकवा. मिठाईचा पारदर्शक डबा घ्या, बुडाला भोकं पाडा. त्यात चाळलेली जाड वाळू, विटांचा बारीक चुरा आणि थोडा पोयटा घाला. शेणखत नको, त्यानं बुरशी येते. मातीवर उकळतं पाणी ओतून ती निववून घेतली तर फार बरं. बी वर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. पाणी वरून देऊ नका. डबा परातीतल्या पाण्यात ठेवा, माती खालून ओल ओढून घेईल. मग झाकण लावून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलं तर चांगलं.

एक ते तीन आठवड्यांत हिरवे मणी दिसतील, मोहरीएवढे. त्यावर केसाएवढे काटे फुटले की झाकण थोडं थोडं उघडायला लागा. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मर, मिरची-टोमॅटोच्या वाफ्यात येते तीच. एक रोप पाणचट होऊन आडवं पडलं की ते मातीसकट चमच्याने काढून टाका आणि डबा हवेशीर करा. पहिल्या पावसाळ्यात डबा पागोळीखाली राहिला तर सगळं जाईल. वर्षाने हरभऱ्याएवढं रोप झालं की चिमट्याने उचलून वेगळं लावा. पाच वर्षांत ते मुठीएवढं होईल.

सासूच्या बैठकीला पहिलं फूल यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. फूल लहान, पिवळं, डोक्यावरच्या लोकरीत अर्धं बुडालेलं असतं. आज एखाद्या मुलीच्या बारशाला पेरलंत तर ती कॉलेजात जाईपर्यंत वाट पाहावी लागेल.